ऑल-टेरेन टायर, नऊ महिने आणि व्हॅली ऑफ द गॉड्सची तांबडी माती

फेब्रुवारीत गाडीला ऑल-टेरेन टायर (डांबरी नि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारे, खोल खाचांचे) घातले. आता नोव्हेंबर उजाडलाय. फीनिक्सहून युटातल्या व्हॅली ऑफ द गॉड्सच्या कच्च्या रस्त्यावर चार फेऱ्या झाल्या, आता बोलायला हरकत नाही.

रस्ता असा: मेक्सिकन हॅट नावाच्या गावाजवळ १६३ नंबरचा हायवे सोडायचा, १७ मैल लाल सुळक्यांमधून फिरायचं आणि २६१ नंबरच्या हायवेवर निघायचं. जवळच्याच प्रसिद्ध मॉन्युमेंट व्हॅलीसारखं तिकीट नाही, गर्दी नाही. दुसऱ्या फेरीला आई होती, वेंगुर्ल्याहून आलेली. म्हणाली, "अरे, ही तर आपलीच माती! पण झाड कुठाय एक तरी?" खरं आहे, जांभा काय नि हे खडक काय, रंग लोहाच्या गंजाचाच.

पहिल्या फेरीत टायरमध्ये ३५ पीएसआय हवा होती. रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा. दात वाजले, डॅशबोर्ड वाजला, बायकोने तर बोलणंच बंद केलं. पुढच्या वेळी हवा २६ वर आणली आणि तोच रस्ता पुष्कळ मऊ लागला. म्हणजे एवढे पैसे टायरवर घातले नि आराम मिळाला तो फुकटात, हवा सोडून! बाहेर पडल्यावर हवा परत भरावीच लागते. माझा स्वस्तातला पंप तिसऱ्या टायरला तापून बंद पडला. अर्धा तास उन्हात उभे.

पंक्चर एकही नाही, हे टायरचं श्रेय. हायवेवर मात्र घूं घूं आवाज येतो, नि मायलेज गॅलनला दोनेक मैलांनी उतरलंय.

ऑगस्टमध्ये आदल्या रात्री पाऊस झाला होता. सुरुवातीलाच लाइम क्रीकचं पात्र ओलांडावं लागतं. तिथपर्यंत पोचायच्या आधीच टायरच्या खाचा चिखलाने लिंपल्या नि चाकांचे गुळगुळीत लाडू झाले. कुठले ऑल-टेरेन! गाडी मागे घेतली. तिथे मोबाइलला रेंजही नव्हती.

कोरड्यात गेलात तर शेवटी उजवीकडे वळून मोकी डगवे चढाच. १९५०च्या दशकात युरेनियमच्या खनिजाचे ट्रक उतरवायला काढलेला हा घाट, ११ टक्के चढ, कठडा जवळपास नाहीच. आईने वर पोचेपर्यंत रामरक्षा म्हटली.

पुढच्या वेळी टायर साधेच घेईन, पंप मात्र चांगला. आणि डिकीच्या रबरात अडकलेली लाल धूळ तीन वेळा धुऊनही निघालेली नाही. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.