रे रोडच्या वखारीतील सागवान

दादरच्या घराच्या दोन चौकटींसाठी गेल्या मे महिन्यात रे रोडच्या लाकूडबाजारातील एका वखारीतून सागवान घेतले. येथे केवळ भाव सांगून मोकळे होत नाहीत, हे या वखारीचे मोठेपण मला आधी नोंदवावेसे वाटते. मालकांनी बल्लारशाहचा आणि कोस्टारिकाचा असे दोन तुकडे शेजारी ठेवले, त्यांच्या टोकांवर ओले फडके फिरवले आणि वलये दाखवली. बल्लारशाहच्या सागाची वलये दाट होती, तर कोस्टारिकाच्या सागाची जवळजवळ सेंटिमीटरभर रुंद.

फरक हवेचा आणि वयाचा आहे. सागाला वर्षातून तीन ते पाच महिने कोरडे लागतात. त्या काळात तो पाने गाळून वाढ थांबवतो, आणि पाऊस सुरू होताच मोठ्या छिद्रांची जी ओळ धरतो, तीच आपल्याला वलयाची रेघ म्हणून दिसते. कोस्टारिकात उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत निगा राखून वाढवलेला साग वीस-पंचवीस वर्षांतच तोडतात. आपल्याकडे लागवडीतला साग साधारणपणे 50 ते 80 वर्षे उभा ठेवण्याची पद्धत आहे. केरळातील निलंबूर येथे 1840 च्या दशकात लावलेली काही झाडे तर आजही उभी आहेत.

दाट वलये म्हणजे मजबूत लाकूड, असे मी समजत होतो. ‘‘अहो, वलये मोजत बसू नका, गाभा बघा,’’ असे मालक म्हणाले, आणि ते योग्यच होते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत रुंद वलयाचे लाकूड बहुधा हलके निघते. मूळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडिएटा पाइन न्यूझीलंडच्या सौम्य हवेत 25 ते 30 वर्षांत तोडणीला येतो, तर स्वीडनच्या थंडीत तेथील पाइनला त्याच्या दुपटीहून अधिक काळ लागतो, आणि त्याची वलयेही दाट असतात. सागात मात्र झपाट्याने वाढल्यामुळे घनता फारशी घटतेच असे नाही. उणीव राहते ती गाभ्यात: कोवळ्या झाडात बाहेरचा फिकट भाग अधिक असतो, आणि वाळवीला दूर ठेवणारी द्रव्ये कमी.

म्हणून महाग असूनही बल्लारशाहचाच माल घेतला. माप घनफुटाला चोख होते आणि लाकूड पुरते वाळलेले होते. तक्रार एवढीच, की बिलावर केवळ ‘सागवान’ लिहिले होते. लाकूड कोठले, याचा उल्लेख मागूनही मिळाला नाही, आणि एवढे जाणणाऱ्या दुकानाकडून ही अपेक्षा गैर नव्हती.

चौकटींनी एक पावसाळा काढला असून दारे कोठे अडकलेली नाहीत. एका कोपऱ्याला बोटभर फिकट पट्टा राहून गेला होता, तेथे सुताराने वाळवीचे औषध लावून ठेवले आहे.