कंपनीची महागडी ध्वनियंत्रणा पसंत पडत नसेल, तर आधी काय बदलावे?

गाडी घेताना वरच्या श्रेणीची, एखाद्या नामांकित ध्वनिकंपनीचे नाव जाळीवर कोरलेली यंत्रणा आवर्जून निवडावी, शोरूममध्ये दहा मिनिटे ऐकून समाधान व्हावे, आणि दोन-तीन महिन्यांनी अगदी पाठ असलेले गाणे ऐकताना काहीतरी खटकू लागावे, हा अनुभव अनेकांना येतो. खर्ज घुमतो, पण त्यातला प्रत्येक ठोका वेगळा ओळखू येत नाही. गायकाचा आवाज समोर काचेपाशी उमटण्याऐवजी जवळच्या दारातून, गुडघ्यापाशी ऐकू येतो. आणि आवाज वाढवत नेला की सगळा भरीवपणा निघून जाऊन नुसता कर्कशपणा उरतो. अशा वेळी बहुतेक जण पहिला विचार करतात तो स्पीकर बदलण्याचा. साध्या यंत्रणेच्या बाबतीत तो विचार योग्यच असतो. महागड्या यंत्रणेच्या बाबतीत मात्र केलेल्या खर्चाच्या मानाने सर्वांत कमी फळ देणारा पर्याय बहुधा तोच ठरतो, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण या यंत्रणेच्या रचनेतच आहे.

मूळ रचना समजून घेण्याची गरज

साध्या यंत्रणेत डॅशबोर्डमधल्या हेड युनिटमध्येच, म्हणजे पडदा आणि बटणे असलेल्या मुख्य संचातच, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणारा भाग, असतो. तो प्रत्येक वाहिनीला प्रत्यक्षात सुमारे २० वॅट इतकीच शक्ती देतो आणि त्याला सहसा ४ ओहमचे स्पीकर जोडलेले असतात (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करत असलेल्या विरोधाचे माप). महागड्या यंत्रणेत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली किंवा डिकीत बसवलेला असतो, हेड युनिटकडून त्याच्याकडे ध्वनी अनेकदा अंकीय स्वरूपात जातो, आणि त्याच्या पोटात डीएसपी, म्हणजे ध्वनीवर गणिती संस्कार करणारा प्रोसेसर असतो. कोणत्या स्पीकरला कोणत्या पट्टीचे स्वर द्यायचे, किती उशिराने द्यायचे आणि कोणता स्वर किती उचलायचा किंवा दाबायचा, हे सारे तोच ठरवतो. विशिष्ट गाडीची केबिन मोजून त्याप्रमाणे यंत्रणा जुळवण्याची ही कल्पना नवी नाही. बोसने जनरल मोटर्ससाठी केलेली अशी यंत्रणा १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आली होती.

याचा अर्थ असा की, या यंत्रणेतला स्पीकर स्वतःच्या बळावर चांगला असेलच असे नाही. तो बऱ्याचदा हलका, साध्या कागदी शंकूचा असतो आणि त्याच्या उणिवा डीएसपीने भरून काढलेल्या असतात. शिवाय सगळ्या सीटवर बरे वाटावे, वजन आणि वीज मर्यादेत राहावी आणि कोणी आवाज पूर्ण वाढवला तरी शंकू फाटू नये, या तिन्ही अटी अभियंत्यांना सांभाळाव्या लागतात. म्हणूनच आवाज वाढवताना खर्ज आपोआप कमी करण्याची सोय अनेक यंत्रणांमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. मालकाला जो दोष वाटतो, तो पुष्कळदा असा जाणीवपूर्वक केलेला बचाव असतो.

जाळीवरच्या नावाबद्दलही थोडे सांगायला हवे. जेबीएल, इन्फिनिटी, हरमन कार्डन आणि मार्क लेव्हिन्सन ही चारही नावे हरमन या एकाच कंपनीची आहेत, आणि ती कंपनी २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे. घरातल्या संचावर हेच नाव असले, म्हणजे गाडीतही तोच माल बसवला आहे, असे गृहीत धरू नये.

खर्चाआधीची तपासणी

खर्च करण्याआधी एक संध्याकाळ केवळ तपासणीसाठी द्यावी. तीच तीन-चार ओळखीची गाणी गाडी उभी असताना आणि इंजिन बंद ठेवून ऐकावीत, मग वेगात चालणाऱ्या गाडीत ऐकावीत. उभ्या गाडीत आवाज आवडत असेल आणि वेगात बिघडत असेल, तर तक्रार स्पीकरची नसून टायरच्या घरघरीची आहे. ती घरघर प्रामुख्याने खालच्या पट्टीत असल्यामुळे गाण्यातला खर्ज तिच्याखाली झाकला जातो. त्यानंतर ब्लूटूथऐवजी वायरने फोन जोडून पाहावा आणि गाण्यांच्या अ‍ॅपमधली गुणवत्ता तपासावी. उदाहरणार्थ, स्पॉटिफायची 'नॉर्मल' पातळी सुमारे ९६ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ९६ किलोबिट माहितीची), तर 'व्हेरी हाय' सुमारे ३२० केबीपीएसची असते, आणि हा फरक घरच्या छोट्या स्पीकरवर लपला तरी गाडीतल्या दहा-बारा स्पीकरवर लपत नाही. सराउंडचा परिणाम बंद करावा, वेगानुसार आवाज वाढवणारी सोय काही काळ बंद ठेवावी, बेस आणि ट्रेबल शून्यावर आणावेत, आणि मग एकेक गोष्ट बदलत जावी.

खडखडाटाचा शोधही याच वेळी घ्यावा. दारातून येणारी जी थरथर मी कित्येक आठवडे स्पीकर फाटल्याची खूण समजत होतो, ती अखेर दाराच्या खणात पडलेल्या चष्म्याच्या डबीची निघाली. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी मोजमापाचा मायक्रोफोन आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. कोणत्या स्वरांचा डोंगर झाला आहे आणि कोठे दरी पडली आहे, हे आलेखावर दिसले की पुढचा निर्णय अर्धा झालेला असतो.

स्पीकर बदलणे की दारे भरून घेणे

आता प्रत्यक्ष तुलना. महागड्या यंत्रणेतले स्पीकर अनेकदा २ ओहमचे, काही यंत्रणांत तर १ ओहमच्या आसपासचे असतात. त्यांच्या जागी बाजारात सर्रास मिळणारे ४ ओहमचे स्पीकर बसवले, तर २ ओहमसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यांना साधारण निम्मीच शक्ती देतो. म्हणजे नवा, महाग स्पीकर जुन्यापेक्षा सुमारे ३ डेसिबलने हळू वाजण्याची शक्यता असते. त्याहून मोठी अडचण डीएसपीची आहे. जुन्या स्पीकरच्या खोडीवर उतारा म्हणून जे स्वर उचललेले असतात, ते नव्या निर्दोष स्पीकरलाही तसेच उचलून मिळतात, आणि मग 'आवाज स्पष्ट झाला, पण कानाला बोचतो' अशी नवीच तक्रार सुरू होते. फाटलेला स्पीकर बदलणे, किंवा ओहम आणि संवेदनशीलता (ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) मूळ स्पीकरशी जुळवून फक्त ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, बदलणे, एवढ्यापुरता हा मार्ग ठीक आहे.

त्याच्याशी तुलना करता दाराच्या पत्र्याला ब्यूटिल रबराचे, थरथर शोषणारे डॅम्पिंग शीट लावणे हे दिसायला किरकोळ, पण परिणामाने ठोस काम आहे. दार ही मुळात स्पीकरची पेटी आहे आणि ती फारच वाईट पेटी आहे: पातळ पत्रा, मोठाली भोके आणि सैल वायरी. शंकूच्या मागे निघणारी लहर त्या भोकांतून पुढे येऊन समोरच्या लहरीला खोडते आणि मधला खर्ज पोकळ होतो. पत्रा पूर्ण मढवण्याची गरज नसते. सपाट भागाचा पाव ते अर्धा हिस्सा झाकला तरी त्याची थरथर बरीचशी थांबते. मात्र दोन गोष्टी जपायला हव्यात. दाराच्या तळाशी पाणी निचरण्याची छिद्रे असतात, ती बुजता कामा नयेत. आणि काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यामुळे आतल्या पत्र्याची भोके बंद करण्याआधी आपल्या गाडीत तो आहे का, हे पाहणे सक्तीचे समजावे. गाणे राहू द्या, सुरक्षेशी खेळ नको. टायरची घरघर कमी करण्यासाठी मात्र दाराचा उपयोग थोडाच, कारण ती फरशीतून आणि चाकांच्या कमानींतून आत येते.

सबवूफर की बाहेरचा डीएसपी

खरा पेच या दोन पर्यायांमध्ये आहे, आणि माझ्या मते मालकाने सर्वाधिक विचार येथेच करावा.

सीटखाली मावणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला ८ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर, हा सर्वांत कमी तोडफोड करणारा उपाय आहे. गाडीची बंद केबिन अगदी खालच्या स्वरांना स्वतःहून उचल देते, त्यामुळे प्रचंड आकाराची पेटी लागत नाही. खर्जाचा भार सबवूफरने उचलला की आवाज एकदम ऐसपैस वाटू लागतो. दारातल्या स्पीकरला तो खालचा भाग देणेच थांबवता आले, तर मधले स्वरही मोकळे होतात. ज्याची तक्रार 'भरीवपणा नाही' एवढीच आहे, त्याने याच्यापुढे जाण्याची गरज नाही. पण मूळ अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीतून गाण्याचा विद्युत संकेत घेतला, तर वर सांगितलेली खर्ज कमी करण्याची सोय येथे आडवी येते: आवाज वाढवला की सबवूफरकडे जाणारा खर्जच आटतो. त्यावर ऑडिओकंट्रोलसारख्या कंपन्यांच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे स्पीकरच्या वायरीतला संकेत नव्या अ‍ॅम्प्लिफायरला चालेल असा करणाऱ्या यंत्रात, खर्ज परत भरून देणारे सर्किट असते, आणि त्याची जुळवणी संयमाने करावी लागते. दुसरा अडथळा सक्रिय ध्वनिरोधनाचा. छतातले मायक्रोफोन इंजिनाची घरघर ऐकून स्पीकरमधून तिची उलटी लहर सोडतात. त्यांनी सबवूफरचा खर्ज गोंगाट समजून घेतला, तर गाडीत विचित्र घुमारा तयार होतो, आणि मग ती सोय बंद करण्यावाचून उपाय राहत नाही.

बाहेरचा डीएसपी अ‍ॅम्प्लिफायर वेगळ्या तक्रारीवर उपाय करतो. गायक दारातून गातो आहे, सगळे एका बाजूला कलले आहे, वाद्यांच्या जागा कळत नाहीत, ही तक्रार शक्तीची नसून वेळेची आणि समतोलाची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. चालकाच्या जवळचा स्पीकर दूरच्या स्पीकरपेक्षा ५० सेंटिमीटर अलीकडे असेल, तर त्याचा ध्वनी जवळपास दीड मिलिसेकंद आधी कानावर पडतो, आणि कान गायकाला त्याच बाजूला नेऊन बसवतो. जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर दिला की गायक समोर येतो. मूळचेच स्पीकर ठेवून केवळ एवढ्या कामाने झालेला बदल पहिल्यांदा ऐकताना, आपण उगाच स्पीकरना दोष देत होतो, हे लक्षात येते.

या मार्गाची किंमत गुंतागुंतीत मोजावी लागते. मूळ अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा संकेत आधीच तुकड्यांत वाटलेला आणि वाकवलेला असतो. ते तुकडे जोडताना त्यांच्यातले विलंब जुळले नाहीत, तर काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे शक्य तेथे मूळ अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा अंकीय संकेत घेणे श्रेयस्कर, आणि काही गाड्यांसाठी त्याचे तयार इंटरफेस मिळतात. अशा जोडणीत आवाजाची पातळी कधी स्थिर येते आणि स्वतंत्र बटण बसवावे लागते, शिवाय सीटबेल्टचा इशारा, पार्किंगची सूचना आणि फोनवरचे संभाषण याच मार्गाने येते का, हेही आधी विचारून घ्यावे. यंत्रापेक्षा जुळवणी करणाऱ्या माणसाचे महत्त्व येथे जास्त आहे. मायक्रोफोन न लावता 'कानानेच सेट करून देतो' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

निवड एवढ्यावर यावी: भरीवपणा हवा असेल तर सबवूफर, स्पष्टता आणि जागेवर बसलेला गायक हवा असेल तर डीएसपी. दोन्ही हवे असेल, तर सबवूफरसाठी एक वाहिनी मोकळी असलेला डीएसपी आधी घ्यावा. उलट क्रमाने गेल्यास सबवूफरची जुळवणी दोनदा करावी लागते.

सगळेच बदलणे

नवा अ‍ॅम्प्लिफायर, नवे स्पीकर, डीएसपी आणि सबवूफर असा पूर्ण बदल करणाऱ्याला वरच्या बहुतेक अडचणींतून सुटका मिळते, कारण मूळ यंत्रणेचे फक्त हेड युनिट उरते. तेही काढावे, असा विचार आजच्या गाड्यांत करू नये. वातानुकूलनापासून गाडीच्या सेटिंगपर्यंत सारे त्याच पडद्यावर असते. ५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर ओढू शकतो, म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज हवाच. विजेवरच्या गाडीत नारिंगी आवरणाच्या वायरींच्या आसपास ध्वनियंत्रणेच्या फिटरने हातही लावू नये. हा मार्ग गाडी बराच काळ ठेवणाऱ्या आणि गाडीतच सर्वाधिक संगीत ऐकणाऱ्या माणसासाठी आहे. इतरांसाठी तो अतिरेक ठरतो.

कोणताही पर्याय निवडला, तरी मूळ वायर कापू न देता कपलरला कपलर (वायरींच्या टोकांचे प्लग) जोडून काम करवून घ्यावे, वॉरंटीतील विद्युत जोडणीविषयीचे कलम काम सुरू होण्यापूर्वी वाचावे, आणि निघालेले भाग जपून ठेवावेत.

पुढची गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट उरते. बाहेरची यंत्रणा बसवायचीच आहे, असे मनाशी पक्के असेल, तर महागड्या यंत्रणेचा पर्याय न घेता साध्या यंत्रणेची गाडी घेणे अधिक सोयीचे असते, कारण तेथे बहुधा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, स्पीकर ४ ओहमचे असतात आणि संकेतावर संस्कार कमी असतात. अडचण अशी की, अनेक कंपन्या ही यंत्रणा सनरूफ, कॅमेरे आणि चांगल्या सीटबरोबर एकाच गाठोड्यात विकतात, आणि तेव्हा सनरूफसाठी पैसे भरणाऱ्याच्या गळ्यात ती आपोआपच पडते.