उताऊ आणि कासाने तेतो: काही महिन्यांच्या वापरानंतर (आणि श्वासाची तक्रार)

उताऊ म्हणजे संगणकाकडून गाणं गाऊन घेणारं सॉफ्टवेअर, कासाने तेतो हा त्यातला एक जपानी आवाज. लॅपटॉप दुरुस्तीहून परत आला आणि तेतो मुकी झाली. दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला होता. 'डेटा सगळा ठेवलाय काका, टेन्शन घेऊ नका' म्हणाला आणि बिलात सॉफ्टवेअर टाकण्याचे वेगळे पैसे लावले. डेटा होता, मान्य. पण आवाजाच्या फोल्डरमधली जपानी नावं जाऊन तिथे चौकोन आणि प्रश्नचिन्हं उरली होती. उताऊ प्रत्येक अक्षराची फाइल नावावरून शोधतं. नाव बिघडलं की नोट आहे, शब्द आहे, आवाज नाही. जाब विचारायला गेलो तर म्हणे, 'त्या फायली व्हायरस वाटत होत्या.' शेवटी विंडोजचं लोकेल (कुठल्या देशाची भाषा धरायची ती सेटिंग) पुन्हा जपानी केलं आणि आवाजाची मूळ झिप फाइल नव्याने उतरवली. (लोकेल जपानी केल्यावर फोल्डरच्या पत्त्यात तिरक्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसतं. घरात विचारणा झाली, जपानला पैसे पाठवताय का म्हणून.)

डोकं तापलेलंच आहे, तर अनुभवही लिहून टाकतो.

व्होकलॉइड (यामाहाचं गाणारं सॉफ्टवेअर), मिकू (त्यातला गाजलेला आवाज) वगैरे फार सांगत बसत नाही. मुलीमुळे ही गाणी कानावर पडली. तिच्या यादीत मिकूसोबत लाल केसांची तेतो सतत येऊ लागली, म्हणून शोधलं तर ही बाई मुळात १ एप्रिलची थट्टा निघाली. २००८ साली काही टवाळ मंडळींनी 'नवीन व्होकलॉइड आला' अशी थाप मारण्यासाठी तिचं चित्र काढलं आणि मग थाप खरी वाटावी म्हणून त्याच वर्षी आलेल्या उताऊसाठी तिचा आवाजही रेकॉर्ड केला. उताऊ फुकट, तेतोही फुकट. २००७ मध्ये मिकूचं खोकं १५,७५० येनला मिळत होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

आता तक्रार. ही मंडळी श्वास घेत नाहीत.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. समोरचा गाणारा कुठे दम घेणार हे कानाला आधी कळतं, हात त्याप्रमाणे जागा भरतात. मिकूचं 'हात्सुने मिकू नो शोशित्सु' ऐकलं (वेग मिनिटाला २४० ठोके, शब्द मशीनगनसारखे) तेव्हा गंमत वाटली. ते मुद्दामच माणसाला न झेपणारं आहे. पण संथ गाण्यात ओळ संपते, दुसरी सुरू होते, मध्ये काहीच नाही, तेव्हा ऐकताना माझीच छाती भरून येते. कारण साधं आहे. यामाहाने बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर व्होकलॉइडचं तंत्र उभं केलं, २००४ मध्ये बाजारात आणलं. त्यात माणसाच्या आवाजाचे तुकडे करून जोडतात: व्यंजनाकडून स्वराकडे, स्वराकडून व्यंजनाकडे. उताऊचंही तत्त्व तेच, तुकडे तेवढे घरगुती. दोन ओळींच्या मधली जागा कुठल्याच तुकड्यात येत नाही. तिथे शांतता म्हणजे खरोखर शून्य.

मग मी श्वास भरायला बसलो. बऱ्याच आवाजांच्या फोल्डरमध्ये नुसत्या श्वासाच्या फायली असतात. ओळीच्या आधी छोटी नोट टाकायची, तिथे त्या फाइलचं नाव लिहायचं. वाटतं तितकं सोपं नाही. श्वास ठोक्यावर ठेवला की उचकी लागल्यासारखा येतो, तो आधीच सुरू होऊन ठोक्याआधी संपायला हवा. इंटेन्सिटी (आवाजाचा जोर) मुळातल्या १०० वर ठेवली तर तेतोला दमा झालाय असं वाटतं. ती ४० च्या खाली आणली, शेपटीला फेड दिला (आवाज हळूहळू विरवला), तेव्हा कुठे बाई माणसात आली. ओटो डॉट आयएनआय फाइलमधले प्रीअटरन्स आणि ओव्हरलॅपचे आकडे (अक्षर ठोक्याआधी किती सुरू होतं, मागच्यात किती मिसळतं) कळेपर्यंत मात्र डोळे पांढरे झाले.

मराठीही करून पाहिलं, अभंग घेऊन. जपानी आवाजात ल नाही, ळ नाही, मूर्धन्य एकही नाही आणि जोडाक्षर आलं की मधे स्वर घुसतो. 'भक्त'चं 'बाकुता' झालं. जपानीला सुमारे ५०० तुकड्यांत भागतं, इंग्रजीला अडीच हजारांच्या आसपास लागतात, मग मराठीचं काय होणार? यात तेतोला दोष देत नाही. आमच्या मंडळातल्यांनी दिला.

मधल्या काळात माझं मत फिरलं, तेही लिहायला हवं. श्वास भरलेलं गाणं आणि आधीचं कोरडं गाणं लागोपाठ ऐकलं. संथ गाणं सुधारलं होतं, पण वेगवान गाणं चक्क बिघडलं. त्याची सगळी मजा न थांबण्यात होती, मी त्यात स्पीडब्रेकर टाकून ठेवले होते. ही गाणी लिहिणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक आहे. दम घ्यायला जागाच नसलेली चाल ते बिनधास्त लिहितात. पुढे हौशी माणसं तीच गाणी स्वतः गाऊन इंटरनेटवर टाकतात आणि जिथे जागा नाही तिथे श्वास चोरतात. 'हाची' नावाने मिकूची गाणी करणारा योनेझु केन्शी, योआसोबी या जपानी जोडगोळीचा आयासे, दोघे याच वळणाचे. आज योआसोबीची गायिका ज्या वेगाने गाते, ते ऐकून मला आता आश्चर्य वाटत नाही.

आमच्या पेटीलाही आकाशवाणीने १९४० मध्ये बाहेर काढलं होतं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून. बंदी सैल व्हायला तीस वर्षं गेली. तेव्हा 'हे गाणंच नव्हे' म्हणणाऱ्या मंडळातल्या मित्रांशी मी फार वाद घालत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये तेतोचा सिंथेसायझर व्ही या दुसऱ्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा एआय आवाज आला, हल्लीच्या गाजलेल्या गाण्यांत तोच असतो. ओळखीच्या एकाच्या संगणकावर वापरून पाहिला. नोटवर 'बीआर' लिहिलं की श्वास येतो, तोही इतका ओला की दचकायला झालं. सुरांमधली घसरणही आपोआप होते. ज्यासाठी मी रात्री जागवल्या ते दोन अक्षरांत. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथे श्वास टाकायचा की नाही याचा विचारच होत नाही, सगळीकडे टाकला जातो. ओळखीच्याने तसंच केलं होतं.

तूर्त उताऊच. संथ गाण्यात श्वास दोन ओळींआड, वेगवान गाण्यात शेवटच्या कडव्याआधी एकच. नव्याने घेणाऱ्यांनी तेतोचा सुट्या अक्षरांचा संच सोडून सलग जोडून म्हटलेल्या अक्षरांचा घ्यावा, सांधे कमी ऐकू येतात आणि पैसे तेवढेच, म्हणजे शून्य. पाचपैकी चार तारे. एक ओटो डॉट आयएनआयसाठी कापला. एआय तेतोवर दिवाळीत सूट मिळाली तर मुलगी घेणार म्हणते, तिच्या पैशाने.