पीसीओडी ‘मुळापासून बरा’ करणारा डबा घेताय? आधी हे वाचा

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरींनो आणि त्यांच्या आयांनो, जरा नीट वाचा. माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी लांबवणारा अंडाशयाचा त्रास), पाळी दोन-दोन महिने नाही, त्यात स्थळं बघणं चाललेलं, म्हणजे घरात काय टेन्शन असतंय ते सांगायला नको. मोबाईलवर जाहिरात दिसली, नंबर टाकला की लगेच फोन, ताई-ताई करत ‘वैद्य मॅडम’ बोलायला लागली, 3 महिन्यांचा कोर्स साडेसात हजार, त्यात शतावरी, लोध्र, कांचनार गुग्गुळ सगळं आहे म्हणे, आणि डॉक्टरची मेटफॉर्मिन (शुगर ताब्यात ठेवणारी गोळी) आजपासून बंद करा, उष्ण पडते. सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला नाही, शुगर-थायरॉईड विचारलं नाही, वजन तेवढं विचारलं कारण जाड पोरींना ‘स्ट्राँग डबा’, त्याचे पैसे वेगळे.

पहिल्याच डब्यात पाळी आली की हो! आईनं पेढे आणायचेच बाकी ठेवले. खरी मेख इथंच आहे. पीसीओडीत पाळी लांबते पण मधनंच आपोआप येतेही, आणि आली म्हणजे बीज सुटलंच असं नसतंय. पण त्या एका पाळीच्या जोरावर त्यांनी पुढचे डबे खपवले. मग परत पाळी गायब, मान काळवंडली, तपासलं तर शुगर वर.

शेवटी शहापूरच्या एका वैद्यांना डबा दाखवला. त्यांनी आधी लेबल वाचलं. नुसता 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाण्याच्या वस्तूचं लायसन. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन लायसन नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी लागतेच. आत काय कोंबलंय ते लॅबशिवाय कुणाला कळणार? आणि पाळीच्या तक्रारी दुरुस्त करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954च्या कायद्यानं बंदीच आहे, हे मला तर तिथंच कळलं.

आयुर्वेदाला नावं ठेवत नाही हं मी. त्याच वैद्यांनी कांचनार गुग्गुळ दिलाय, पण मेटफॉर्मिन डॉक्टरांना विचारून परत चालू करायला लावून, आणि त्याआधी रोजचं चालणं आणि रात्रीचं लवकर जेवण.

पैसे मागितले तर ‘मॅडम’चा मेसेज आला, ‘तुम्ही फूड सप्लिमेंट घेतलंय, औषध म्हणून आम्ही कधी विकलं?’ चॅट आणि डबे जपून ठेवलेत, 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केलीय.