गोव्यात वाट कोणाला विचारायची, डब्याला की मोबाईलला?

चुलतभाऊ सेकंडहँड गाडी घेतोय आणि सारखा विचारतोय, दादा डॅशबोर्डवर बसवायचा जीपीएसचा डबा घेऊ की मोबाईलवरच भागवू. त्याला सांगितलं तेच इथे टाकतो.

आधी एक समजून घे, यातलं कुठलंही यंत्र एरवी 'जवळचा रस्ता' शोधत नाही, प्रत्येक तुकड्याला किती मिनिटं लागतील ते मोजून बेरीज करतं, म्हणजे सगळा खेळ त्याने वेग किती धरलाय त्याचा. माझा जुना डबा रस्त्याच्या दर्जावरून वेग धरायचा, हायवे म्हणजे इतका, गावातला म्हणजे इतका. आता साखळी गावाकडच्या आतल्या रस्त्याला त्याने ताशी ४० धरले आणि वळणं, गुरं, समोरून येणारी कदंबा (आपली सरकारी बस) यात आपण २४ नेच गेलो तर १० किलोमीटरला १५ ऐवजी २५ मिनिटं झाली ना, आणि वर तो तोच रस्ता शॉर्टकट म्हणून गळ्यात मारतो! असे डबे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीने २००८ मध्ये आयक्यू रूट्स आणलं ते यावरच, लोक कुठल्या वारी किती वाजता खरंच किती वेगाने गेले तो साठवलेला हिशोब वापरायचा. डबाच घ्यायचा तर असं काही आहे का ते दुकानात आधी विचार.

गूगल मॅप्स बाकीच्यांच्या मोबाईलवरून आत्ताचा वेग बघतं, त्यामुळे पणजी-मडगाव रोजची ये-जा असेल किंवा चवथीच्या आधी म्हापशाचा बाजार असेल तर त्याला तोड नाही. पण बेळगावच्या वाटेवर चोर्ला घाटात रेंज गेली की संपलं, ऑफलाइन नकाशा वाट दाखवतो खरा पण ट्रॅफिक नाही आणि दुसरा पर्यायी रस्ताही नाही. ऑसमँड हे नकाशाचं दुसरं अॅप अख्खं ऑफलाइन चालतं, फुकटातही बरंच मिळतं, फक्त त्याचा वेग नकाशात लोकांनी जे भरलंय त्यावरच, म्हणजे वेळेच्या बाबतीत जुन्या डब्याचाच भाऊ.

स्कूटरवाल्यांनी तर डबा विसराच. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही आणि कारसाठीचं यंत्र खुशाल वर चढवतं, गूगलमध्ये टू-व्हीलर मोड आहे (भारतात २०१७ पासून), तो लावायचा.

भावाचं बेळगावला जाणं महिन्यातून एकदा, बाकी रोज फोंडा-पणजी, म्हणून त्याला म्हटलं डबा नको, गूगल ठेव आणि घाटासाठी ऑसमँडवर गोवा-कर्नाटक उतरवून ठेव. आणि हो, सेटिंगमधलं 'फेरी टाळा' बंद आहे ना बघ, दिवाडी बेटाला गाडीचा पूलच नाही. फेरीबोट नुकतीच सुटली असेल तर मात्र ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर उभं राहायचं, यंत्र काहीही वेळ दाखवू दे.