वॉटर पोलोचा चेंडू, साइज ४ : दिवाळीपासूनचा अनुभव आणि त्या व्हॉल्व्हची तक्रार

वॉटर पोलोच्या, म्हणजे पोहत हाताने चेंडू फेकून गोल करायच्या खेळाच्या, माझ्या चेंडूच्या व्हॉल्व्हमधून हवा गळते. तक्रार केली तर विक्रेत्याने काल पुन्हा तेच उत्तर पाठवलं : "उन्हाळ्यात चेंडू मऊ पडतोच, वॉरंटीत बसत नाही." म्हणून हे लिहितोय. चेंडू नेहमीचाच, पिवळा रबरी, मुलींच्या मापाचा. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मालगुजारी तलावात दिवाळीपासून रोज पाण्यात आहे.

आधी ग्रिप. सुरुवातीला भेटेल त्याला मी तिचंच कौतुक सांगत होतो. हिवाळ्यात बोटं गारठलेली असली तरी चेंडू हातात बसतो. त्याआधी शाळेचा शिवलेला फुटबॉल वापरायचो, तो पाणी पिऊन जड व्हायचा. हा पाणी पीत नाही. रंग उतरलाय, खरखर कायम आहे. इथवर पैसे वसूल.

पण मी गावच्या मुलींना शिकवतो आणि आमचा सगळा भर समोरच्या संघाकडून फाऊल मिळवण्यावर आहे, आणि तिथं ग्रिपपेक्षा हवेचा दाब महत्त्वाचा. चेंडू तुमच्या हातात असेल तर मागची पोरगी तुम्हाला दाबू शकते, फाऊल नाही. उलट त्या दाबात चेंडू तुमच्या हातातच पाण्याखाली गेला तर फाऊल तुमच्यावर. हात सुटला, चेंडू मोकळा तरंगला आणि तेवढ्यात ती खांद्यावरून आली, तर शिट्टी आपल्या बाजूने. गोलापासून सहा मीटरच्या बाहेर असा फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारी मोकळी फेक) मिळाला की थेट गोलावर मारता येतो. समोरच्या संघाच्या गोलापुढे उभ्या आपल्या सेंटरला तर याहून मोठं मिळतं. चेंडू न धरता त्याच्याकडे सरकायचं. मागचीने धरलं, बुडवलं किंवा मागे ओढलं की ती एक्सक्लूजनवर, म्हणजे थोड्या वेळासाठी, खेळाबाहेर. असे वैयक्तिक फाऊल तीन झाले की तिचा सामना संपला.

म्हणून शिकवतो ते एवढंच : पाठ तिच्याकडे, चेंडू हातभर पुढे, पाय एगबीटरमध्ये (तरंगत राहायला आळीपाळीने गोल फिरवत) चालू, अंगावर आली की बोटं उघडायची. हात नक्की सुटला हे पंचाला दिसलं पाहिजे. नुसतं ओरडून, मान टाकून शिट्टी मिळत नाही, मिळूही नये.

हवा कमी झाली की हेच बिघडतं. मऊ चेंडू पंज्यात दबतो, मुली त्याला चिमटून धरतात आणि सोडतच नाहीत. "काऊन सोडू सर? सोडला का थे नेते न!" असं एकीनं विचारलं, आणि मऊ चेंडू हातात असताना तिला पटवणं कठीण होतं. त्याच चेंडूत पंक्चरवाल्याकडून पुरेशी हवा भरली. चिमटला की निसटायला लागला, तेव्हा तळवा नुसता टेकवून ठेवायची सवय लागली आणि हात आपोआप वेळेवर सुटू लागला. ग्रिपबद्दलचं माझं मत तिथं बदललं. जास्त चिकट ग्रिप नवशिक्याला चेंडू धरून ठेवायला शिकवते.

साइज ४ ला हवेचा दाब ७ ते ८ पीएसआय (दाब मोजायचं एकक) लागतो. विक्रेत्याचं म्हणणं अगदी खोटं नाही. ४० अंशांच्या उन्हात भरलेला चेंडू २५ अंशांच्या पाण्यात गेला की सुमारे एक पीएसआय उतरतो. त्यामुळे हवा सावलीत, चेंडू पाण्यात भिजवून थंड झाल्यावरच भरावी. पण माझा चेंडू असा थंड करून भरला आणि रात्रभर घरातल्या टबात, त्याच थंड पाण्यात बुडवून ठेवला तरी व्हॉल्व्हमधून बुडबुडे येतात. त्याला ऊन कारण नाही. व्हिडिओ पाठवला, उत्तर तेच. सुईला ग्लिसरीन लावून भरल्यापासून गळती कमी झाली, थांबली नाही. एवढे पैसे घेऊन ब्लॅडर (चेंडूतली हवेची रबरी पिशवी) बदलून मिळत नसेल तर त्या वॉरंटीच्या कागदाचा उपयोग काय?

आता तलाव आटलाय, पाय तळाला लागतात, आणि तळाला टेकून खेळणंही फाऊलच. त्यामुळे सराव एका शेततळ्यात नेलाय. तिथलं प्लास्टिक शेवाळानं फार निसरडं असतं. दोन्ही काठांना दोर, ट्यूब आणि पोहणारं मोठं माणूस असल्याशिवाय कुणालाही उतरू देत नाही.

ग्रिप आणि टिकाऊपणाला पाचपैकी साडेचार, व्हॉल्व्हला एक. घेणार असाल तर ब्लॅडर बदलून मिळतं का ते विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या. मला बदलून मिळालं तर इथेच कळवतो.