क्रिकेटचं नेट की खो-खोचं मैदान?

शेजारच्या वहिनींचा मुलगा यंदा सातवीत. "याला कुठे घालू?" म्हणून विचारत होत्या. आमच्या चिरंजीवांचं दोन्ही करून झालंय. दीड वर्ष नाशिकच्या गंगापूर रोडकडे क्रिकेट अकादमी, आता तेवढाच काळ पंचवटीत खो-खो.

फी नि किटचा खर्च क्रिकेटला जास्त, ते ठाऊकच आहे. क्रिकेटमध्ये जिल्ह्याच्या वयोगटाच्या निवड चाचण्या, पुढे काय ते स्पष्ट दिसतं. "खो-खोत पुढे काय?" असं आजोबा विचारायचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून गप्प आहेत.

मला खटकलं ते वेगळंच. अकादमीतले सर पोराशी बोलतच नसत. सराव संपला की कुंपणाशी मला गाठायचे. "याचा पुढचा पाय येत नाही, लक्ष द्या." पोरगं शेजारीच किटची बॅग घेऊन, बुटाच्या टोकानं माती उकरत उभं. पाय त्याचा आणि जाब मला! मग घरी येईपर्यंत मी तेच त्याला ऐकवायचो. एकदा कॉलेज रोडच्या सिग्नलला गाडीवर मागून म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुम्हीच जा."

खो-खोला पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं विचारलं, "कसा खेळतोय?" सर म्हणाले, "तो काय तिथे बसलाय, त्यालाच विचारा." जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

बसणं दोन्हीकडे आहे म्हणा. रविवारच्या सामन्यात तो नवव्या नंबरला पॅड बांधून बसायचा, बॅटिंग यायचीच नाही. इथे आठ जण बसतात, नववा पळतो. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. त्यामुळे बसलेल्याचाही जीव पळणाऱ्यात. नववीतली पोरं त्याला खांबावर सूर मारायला शिकवतात, तो पाचवीतल्यांना नीट बसायला.

सगळे क्रिकेटचे सर असे नसतीलही, आणि पोराला बॅटच हवी असेल तर अडवू नये. वहिनींना एवढंच सांगितलं, पैसे भरण्याआधी तासभर मैदानाकडेला उभ्या राहा, सर बोलतात कुणाशी ते बघा.

परवा गुडघे सोलून आला. "काय म्हणाले सर?" विचारलं तर म्हणाला, "ते आमचं आमचं आहे."